‘टेक’चे एकतीस अर्थ

“इंग्रजीला एकतीस मुली कशाला? पाच हुशार ठेवा, बाकीच्या घरी पाठवा,” शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टर टिपणीसांनी द्वारकाबाईंना सुनावलं आणि मागच्या बाकावरच्या सगुणेला विचारलं, “‘टेक’ क्रियापदाचे अर्थ सांग.”

“घेणं.”

“बस्स? एवढंच?” साहेब हसले.

“माझ्या वाट्याला एवढाच आलाय, साहेब. बाईंनी सगळ्यांना एकेक वाटून दिलाय.”

मग एकेक मुलगी उठू लागली. फोटो काढणं. वेळ लागणं. विमानाचं उडणं. आईच्या वळणावर जाणं. शेवटचीनं हलकेच सांगितलं, निरोप घेणं.

साक्षात शब्दकोशच समोर उभा होता. टिपणीसांनी नकळत डोक्यावरची टोपी काढली.

“साहेब,” द्वारकाबाईंनी शांतपणे विचारलं, “यातले कोणते सव्वीस अर्थ घरी पाठवू?”