न दिलेली ओ

फार पूर्वीची गोष्ट. तुमच्या-आमच्या खापरपणजोबांनीसुद्धा ती कुणाकडून तरी ऐकलेली, तेव्हा खरी की खोटी ते मला विचारू नका. डोंगरापलीकडे एक नगर होतं. ते ना कुणा राजाचं, ना कुणा सुभेदाराचं. आपला कारभार आपणच बघायचं. आणि स्वच्छ किती म्हणाल? रस्त्यावर गूळ सांडला तर उचलून खुशाल तोंडात टाकावा, इतकं. पण सांडलाच कसा, म्हणून आधी दंड व्हायचा, ते वेगळं!

तिथले कायदे ऐकलेत तर तोंडात बोट घालाल. झाडाचं पान रस्त्यावर पडलं, तर झाडाच्या मालकानं दिवस मावळायच्या आत ते उचलायचं. ओली धोतरं-लुगडी रस्त्याच्या बाजूला वाळत घालायची नाहीत. रस्त्यात पळायचं नाही, कारण पळालं की धूळ उडते. पाहुणा दारात आला की तो आधी दोन्ही तळवे उघडून दाखवायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. आपण भेटलो की "जेवलात का?" विचारतो, ते लोक "हात धुतलेत का?" विचारायचे.

आणि ओरडायचं तर मुळीच नाही. हवा धुळीनं मळते तशी आवाजानंही मळते, असं तिथले पंच म्हणायचे. एखादा कुणाच्या नावानं ओरडलाच आणि त्या नावाचा माणूस पुढं आला, तर दोघांनाही शिक्षा. आपल्या माणसाला रीतभात शिकवली नाही ना, मग भोग! शिक्षा तरी काय, तर डोक्यावर लाल टोपी घालून एक सकाळ चौक झाडायचा. बाकी मारझोड नाही, कोठडी नाही. माणसं वाईट नव्हती हो. घराला कुलूप घालत नसत आणि खोटं बोलत नसत.

या नगरात मायाप्पा नावाचा एक धनगराचा पोर आला. एका वर्षी रोग पडला आणि त्याच्या घरची निम्मी मेंढरं गेली. बाप आधीच वारलेला. घरात आई आणि एक चुलता. मायाप्पाच्या हातात घोंगडी विणायची कला होती, तेवढ्या भांडवलावर तो निघाला. निघताना आईला म्हणाला, "आये, तिथं घर करतो आन् तुला न्यायला येतो."

आई म्हणाली, "घराचं ऱ्हाऊ दे. तू धड ऱ्हा, म्हंजी झालं."

पण घर करणं सोपं नव्हतं. बाहेरच्या माणसाच्या हातून बराच काळ एकही चूक झाली नाही, तर पंच त्याला पांढरा फेटा बांधत. फेटा बांधला की स्वतःचं दार मिळे आणि घरच्या माणसांना आणता येई. मधेच लाल टोपी चढली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मायाप्पानं मनाशी ठरवलं की आपल्या डोक्यावर लाल टोपी म्हणून चढू द्यायची नाही.

आणि खरंच चढू दिली नाही. तो डाव्या बाजूनं चालायला शिकला. दोनदा हात धुवायला शिकला. हळू बोलायला तर असा शिकला, की शेजारी बसलेल्यालाही "काय म्हणालास?" असं विचारावं लागे. माळरानावर एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडाशी बोलणारा गडी तो! पण शिकला.

मात्र लोकर भिजवली की तिचा वास उठायचा. त्याला माळावरची संध्याकाळ आठवायची. मेंढरं परतायची, आभाळाखाली धूळ तरंगायची आणि आई टेकाडावर उभी राहून कपाळाला हात लावून हाक द्यायची, "माऽऽयाप्पाऽऽ!" तो ओढ्यात असो की घळीत, तिथून ओरडायचा, "ओऽऽ!" ती ओ कानावर आली, की मगच आई तवा चुलीवर ठेवायची. नगरात त्याला वेळेवर जेवण मिळे, गरम मिळे, झाकून मिळे. पण कुणी हाक मारून जेवायला बोलवत नसे. ती एक हाक ऐकायला त्याचा जीव नुसता तळमळायचा. कधीकधी तो विणलेल्या घोंगडीत तोंड खुपसून मुकाट रडायचा. रडण्यावर कायदा नव्हता, पण आवाज होईल याची भीती होतीच.

अखेर फेट्याचा दिवस ठरला. येत्या पुनवेला पंच त्याच्या डोक्यावर फेटा बांधणार होते. आता आईला आणायचं, कोपऱ्यात चूल मांडून द्यायची, असे मांडे तो मनातल्या मनात खाऊ लागला.

पुनवेच्या चार दिवस आधी, भरदुपारी, तो मागावर बसला होता. चौकातून हाक आली.

"माऽऽयाप्पाऽऽ!"

त्याच्या हातातला धोटा खाली पडला. ही हाक दुसऱ्या कुणाची असणार? आईला धीर धरवला नव्हता. लेकाला बघायला ती एवढा डोंगर उतरून आली होती. घर ठाऊक नाही, मग माळावर करायची तेच तिनं केलं. चौकात उभी राहिली आणि हाक दिली.

मायाप्पाच्या गळ्यापर्यंत ओ आली. अगदी ओठांवर आली. आणि तेवढ्यात त्याच्या डोळ्यांपुढं लाल टोपी आली. फेटा जाईल. घर जाईल. आईलाच आणता यायचं नाही! चार दिवसांचा तर प्रश्न आहे, त्यानं स्वतःला समजावलं. आईसाठीच तर गप्प बसतोय मी.

"माऽऽयाप्पाऽऽ! आरं, कुठं हाईस लेकराऽऽ?"

समोरच्या खिडकीत एक म्हातारी उभी होती. तिनं हलक्या आवाजात विचारलं, "अहो विणकर, तुम्हालाच हाक मारतंय ना कुणी?"

"मला? नाही हो," मायाप्पा खाली बघत म्हणाला. "आमची माणसं तिकडं लांब असतात."

तिसऱ्यांदा हाक आली. या खेपेला आवाज चिरकला होता. मग चौक पुन्हा शांत झाला.

रस्ता रिकामा होईपर्यंत तो थांबला. मग निघाला. पळावंसं वाटत होतं, पण पळाला नाही. डाव्या बाजूनं, धूळ न उडवता, वेशीपर्यंत चालत गेला. वेशीवर आई नव्हती.

रखवालदार म्हणाला, "एक म्हातारी होती खरी. नवखी म्हणून पंचांनी तिला टोपी माफ केली. आम्ही गल्लीगल्लीत चौकशी केली, पण तुमच्या गल्लीतून निरोप आला की विणकराची माणसं लांब असतात, आणि त्या हाकेचा दुसरा मालक कुणीच निघाला नाही. मी तिला म्हटलं, आजी, या नगरात कुणी खोटं बोलत नाही, तुमचा मुलगा इथं नसणारच. मग डोळे पुसत गेली बिचारी."

मायाप्पा मनाशी म्हणाला, जाईल कुठं? माळावरच जाणार. फेटा बांधून ताठ मानेनं जाईन आणि तिला घेऊनच येईन.

पुनवेला फेटा बांधला गेला. दुसऱ्याच दिवशी तो माळावर पोचला. चुलता मेंढरांना पाणी पाजत होता. पुतण्याला बघताच त्याच्या हातातली बादली सुटली.

"आरं, तू जिता हाईस?"

"आय कुठंय?"

"आय?" चुलता म्हणाला. "ती तुला हुडकाया गेली की रं! म्हणाली, त्या गावात माझा लेक न्हाई. माझी हाक ऐकून त्यो ओ दिल्याबगार ऱ्हायचा न्हाई. गाव खोटं बोलत न्हाई आन् माझा लेकबी न्हाई. आता फुडल्या गावास्नी बघती म्हणाली. मी लई आडवली, पर ऐकती व्हय?"

आई पुन्हा नगरात आली असेल का, या वेड्या आशेनं मायाप्पा परत धावला. धावलाच, चालला नाही. ती तिथं नव्हती. तो तसाच थोरल्या पंचांकडे गेला आणि फेटा त्यांच्या पायाशी ठेवला.

"मला शिक्षा द्या."

"आत्ता रस्त्यातून पळालास, त्याची टोपी उद्या मिळेल," पंच म्हणाले. "त्यात एवढं काय? टोपी मीही घातली आहे. नातू झाला तेव्हा आनंदानं गच्चीवरून ओरडलो होतो. दुसऱ्या दिवशी मी चौक झाडत होतो आणि लोक थांबून थांबून पेढे मागत होते."

"पळाल्याची नको." मायाप्पाला हुंदका आवरेना. "माझ्या आईनं हाक मारली आणि मी ओ दिली नाही. त्याची द्या."

पंचांनी फेटा उचलून शेजारी ठेवला. मग म्हणाले, "त्याची शिक्षा आमच्या कायद्यात नाही रे, लेकरा. असं कुणी करील, हे आमच्या वाडवडिलांच्या मनातच आलं नसणार. शिक्षा असती, तर भोगून तू मोकळा झाला असतास. आता मी तरी काय करू?"

मायाप्पा उठला. फेटा तिथंच राहिला, मागावरची अर्धी घोंगडी तशीच राहिली, आणि तो आईच्या मागं निघाला.

तेव्हापासून तो गावोगाव हिंडतो. बाजार भरला की मधोमध उभा राहतो आणि "आयेऽऽ!" म्हणून हाक देतो. इतकी वर्षं दाबून ठेवलेला गळा, सुरुवातीला नीट फुटतसुद्धा नसे. पोरं हसत, बाया हळहळत. हाक देऊन झाली की तो लगेच हलत नाही. गर्दीतून कुठून तरी ओ येईल म्हणून कान देऊन उभा राहतो. कधी एखादी बाजारकरीण सांगते, "अशीच एक म्हातारी मागल्या बाजाराला आली होती, लेकाला हाका मारत होती." मग तो पुढच्या गावाची वाट धरतो.

तात्पर्य काय, तर चुकून मोडलेला नियम दंड भरून फिटतो, पण आपल्या माणसानं मारलेल्या हाकेला ओ तेव्हाच द्यायची असते.