पाठमोरा पहारा

"बुवा, असे उलटे का बसलात?"

रायबाच्या आवाजात राग होता, आणि थोडी कीवही. लहानपणापासून ज्यांच्या पायाशी बसून तो शहाणपण शिकला, त्या गुरूंनी ऐन वेळी असा वेंधळेपणा करावा, याचं त्याला खरंच वाईट वाटलं.

तालुक्याच्या गावी दंगल उसळली होती. रायबाच्या थोरल्या भावाचं शिंपीकामाचं दुकान सकाळीच जळून खाक झालं होतं. इथे मात्र अजून सगळं शांत होतं. वरची आळी हिंदूंची, खाली मोमीनपुरा, आणि मधल्या चौकात लिंबाचा पार. पारावर दोन म्हातारे पाठीला पाठ करून ताठ बसले होते. सीतागीर बुवांचं तोंड आपल्याच आळीकडे, कासमचाचांचं मोमीनपुऱ्याकडे. बाहेर पेटलं, की या गावात पहारा असाच बसायचा; रायबा मात्र तो आज पहिल्यांदाच पाहत होता.

"वैरी तिकडून येणार, अन् तुमची पाठ तिकडं!"

"तिकडं चाचा बघतायत की."

"त्यांच्यावर भरवसा?"

"त्यांचे तीन नातू आहेत. तिघंही तुझ्यासारखेच."

रायबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तुम्ही कुणावर नजर ठेवलीय?"

बुवा हसले. "दुसऱ्याचं कार्टं मला कुठलं ओळखू यायला? आपला बाब्या मात्र चालीवरून कळतो... घोंगडीखाली काय आहे रे?"

घोंगडीखाली रॉकेलचा डबा होता.

"बुवा, दादाचं दुकान..." एवढा पैलवान गडी, पण त्यानं घोंगडीत तोंड लपवलं.

बुवांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. तो सवयीनं मोमीनपुऱ्याकडे तोंड करून बसला, तर त्याचे खांदे धरून त्याला वळवलं. मग बराच वेळ ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. रायबा ढसाढसा रडला.

दिवेलागणीला आळीतून पोरं आली. हातात काठ्या होत्या. रायबानंच त्यांना या वेळेला बोलावलं होतं. पुढे भिवा होता. त्याला तालमीतला पहिला डाव रायबानंच शिकवला होता.

"बुवा, पोरं आली..."

"मला आता लांबचं दिसत नाही रे." बुवांनी डोळे मिटून घेतले.

रायबानं पारावरच्या बुवांकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. मग डबा पाराखाली सरकवून तो उठला आणि दोन्ही हात पसरून आळीच्या तोंडाशी उभा राहिला.

"भिवा, माघारी फिर."

"पैलवान, तुम्हीच तर म्हणाला होता..."

"मीच म्हणालो होतो. आता मीच सांगतोय. फिर."

पोरं घुटमळली, कुरकुरली. पण पुढे कुणी आलं नाही.

एवढं सगळं पाठीमागे घडलं, तरी कासमचाचांनी एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

बुवांनी डोळे न उघडताच हाक दिली, "चाचा, टेका आता पाठ निवांत. आमच्याकडचा राखणदार आला."