काजळीच्या गळ्यात बुधली नव्हती

फार फार पूर्वी, वर्षाचे आठ महिने बर्फ असलेल्या एका डोंगराच्या खिंडीत एक धर्मशाळा होती आणि तिचा एक रखवालदार होता. खिंड ओलांडणाऱ्या वाटसरूंना तो ऊब देई, पेज देई. धर्मशाळेत पूर्वापार मोठाली केसाळ कुत्री पाळत. ती आणली होती कोठाराच्या राखणीला. पण बर्फाखाली गाडलेला माणूस त्यांना वासावरून सापडतो हे कधीतरी कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि तेव्हापासून तेच त्यांचं काम झालं.

कुत्री नेहमी जोडीनं जात. माणूस सापडला की एक त्याच्या अंगाला अंग लावून बसे, दुसरं माणसं बोलवायला परत येई. रखवालदाराकडे तेव्हा ढग्या आणि काजळी अशी जोडी होती. बसायचं काम काजळीचं.

एकदा एक चितारी धर्मशाळेत मुक्कामाला राहिला. त्यानं काजळीचं चित्र काढलं. गळा ओकाबोका दिसतो म्हणून त्यानं तिथे एक लाकडी बुधली रंगवली. झालं! त्या चित्राच्या नकला खालच्या बाजारात दुकानोदुकानी लागल्या आणि चित्राबरोबर गोष्टही वाढली. म्हणे बुधलीत काढा असतो, तो कधी निवत नाही, एक घोट घेतला की मेलेला उठून बसतो. काजळीनं सात माणसं वाचवली होती, बाजारात ती सत्तर झाली.

रखवालदार बाजारात गेला की लोक त्याला गूळ-पाणी देत आणि विचारत, "खरंच असते का हो बुधली?" आधी तो नुसता हसायचा. मग मान डोलवायला लागला. कुणाचं काय बिघडतंय, लोकांना बरं वाटतं, असं त्याचं म्हणणं. आपल्यालाही बरं वाटतं, हे मात्र तो म्हणत नसे. खालच्या गावच्या सुईणीनं विचारलं तेव्हाही त्यानं अशीच मान डोलावली.

त्या वर्षी त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरले, सकाळी कळा सुरू झाल्या. सुईणीला सांगावा धाडला. सांगावा नेणारा गडी तिच्या मागोमाग औषधी घेऊन यायचा होता. ती एकटीच पुढे निघाली, कारण पहिलटकरणीला ताटकळत ठेवणं तिच्या जिवाला पटेना. ती निम्म्या वाटेवर असेल-नसेल, तोच वारा फिरला आणि बर्फ भुरभुरायला लागलं. बघता बघता समोरचा कडा दिसेनासा झाला. गडी खालीच अडकला.

आत लेक ओरडत होती, बाहेर सुईणीचा पत्ता नव्हता. रखवालदारानं कुत्री सोडली आणि दारात उभा राहिला. बायको आतून विचारी, "आल्या का हो?" तो म्हणे, "येतील." दर खेपेला त्याचा आवाज बारीक होत गेला.

दुपार कलली तेव्हा ढग्या एकटाच धावत आला. म्हणजे सुईण सापडली होती! रखवालदार फावडं आणि घोंगडी घेऊन त्याच्या मागे पळाला. काजळी तिच्याजवळ आहे, तिला ऊब आहे, असं तो स्वतःला सांगत होता.

वाटेत बर्फावर रक्ताचे थेंब दिसले. पुढे काजळी होती. ती सुईणीजवळ नव्हती, दहा पावलं लांब बसली होती. नाकातून रक्त ठिबकत होतं, पण ती जागची हलली नव्हती. समोर कड्याच्या आडोशाला सुईण टेकून बसली होती. दोन्ही हातांत लोखंडी टोकाची काठी उगारलेली, आणि बोटं निळी पडलेली.

"दादा, लांडगा!" ती कशीबशी म्हणाली. "अंगावरच येऊन बसत होता. मारून मारून लांब ठेवलाय मी."

"अहो ताई, ही काजळी! आमची कुत्री!"

"काजळी? पण हिच्या गळ्यात बुधली कुठंय? मी तेच बघितलं आधी. तुम्हीच तर हो म्हणाला होतात."

रखवालदारानं तिला पाठीवर घेतलं आणि मान खाली घालून चालू लागला.

धर्मशाळेत पोचल्यावर सुईणीनं लेकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. बोटं वळेनात. ती रखवालदाराच्या बायकोला म्हणाली, "माझे हात गेले, वहिनी. मी सांगते, तुम्ही करा." मूल आडवं होतं. दोघींनी अर्धा प्रहर झुंज दिली. बाहेर रखवालदार काजळीचं फुटलेलं नाक पुसत बसला होता. आतून आवाज आला की त्याचा हात थांबायचा. लेक गेली तर ती त्या एका मान डोलावण्यानं जाईल, हे त्याला पक्कं कळलं होतं.

शेवटी मूल रडलं. मायलेकरं वाचली. पण सुईणीची दोन बोटं कायमची गेली, आणि काजळीच्या नाकाला पुन्हा कधी वास आला नाही.

बायको म्हणाली, "आता खरोखरीच बुधली बांधा कुत्र्यांना. लोक ओळखतील तरी."

"बुधली अडकवली तर बर्फात नाक खुपसणार कसं?" तो म्हणाला.

वाट मोकळी होताच तो बाजारात गेला. चित्राखाली उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "ऐका हो, ही बुधली खोटी आहे. मी खरी म्हणालो, ते खोटं बोललो. एका बाईची बोटं गेली माझ्यापायी."

लोकांचे चेहरे उतरले. दुकानदार कुरकुरला, "चांगली गोष्ट होती हो, कशाला मोडलीत?" एका म्हातारीनं विचारलं, "मग तुमचा कुत्रा घेऊन काय येतो?"

"काही नाही, आजी. तो नुसता येतो आणि अंगाला चिकटून बसतो. त्याला बसू द्या."

त्या दिवशी त्याला कुणी गूळ-पाणी विचारलं नाही. तो मात्र पुढच्या दुकानाकडे वळला, कारण चित्रं अजून बरीच बाकी होती.

तात्पर्य: कौतुकाच्या भरात वाढवलेली गोष्ट सांगणाऱ्याला गोड लागते, पण अडचणीत सापडलेला माणूस तीच खरी धरून खऱ्या मदतीला हाकलून देतो.