वईसमोरची खुर्ची

"पण बाबा, माझ्या वईत पाखरू घरटं का करत नाही?"

कुलथे मास्तरांनी बूड टेकायच्या आधीच विचारलं. डोकं तापलेलंच होतं. जमालबाबा फकिराच्या झोपडीला झाडांचं जितं कुंपण, म्हणजे वईच होती. पण तिचं पुढचं फाटक काथ्यानं बांधून टाकलेलं. मास्तरांना सगळ्या टेकडीला वळसा घालून, मागच्या भोकातून वाकून आत यावं लागलं होतं. उभा जन्म चित्रकला शिकवलेला माणूस. सरळ रेषेशिवाय चालणं ठाऊक नाही. त्यात काट्यात सदरा फाटला.

बाबा चुलीवर चहा उकळत होता. सगळ्या गावाला तो अरे-तुरे करी, आणि गावही ते ऐकून घेई.

"काय काय लावलंस?"

"करवंद, निरगुडी, अडुळसा, मध्ये एक भोकर. सगळी इथल्याच मातीतली. नर्सरीवाला शोभेची झाडं गळ्यात मारत होता, त्याला लांबूनच नमस्कार केला."

"ब्येस. मग?"

"मग काय! दर रविवारी दोरी लावून कात्री चालवतो. एक पान इकडचं तिकडं नाही. अळी दिसली की वेचली. खालचा पाचोळा रोजच्या रोज झाडला. येणारे-जाणारे थांबून बघतात, बाबा!"

"माणसं थांबतात... पाखरू थांबत नाही."

मास्तरांना ते झोंबलं.

"थट्टा नका करू. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"कावळ्याला," मास्तर म्हणाले.

बाबानं चहा खाली उतरवला.

मग मास्तरांनी बायकोच्या दहाव्याचं सांगितलं. घाटावर पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. लेकीला अंतर देणार नाही, म्हणून झालं. मेहुण्यांनी हात जोडून झाले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा कुठे मास्तरांना आठवलं. प्रमिलाबाईंनी जन्मात एकच हट्ट धरला होता. अंगणाला वई करा हो, माझ्या माहेरी होती तशी, बुलबुल घरटी करायचे तिच्यात. आणि दर वेळी मास्तर म्हणाले होते, काटे नि कचरा, दुसरं काय? त्यांनी तारेचं कुंपण घातलं. अगदी सरळ.

"पिंडापुढं उभा राहिलो आणि म्हणालो, प्रमिला, तुझी वई करतो. पाखरं नांदतील तिच्यात. म्हणायचा अवकाश, कावळा शिवला."

बाबानं चहा गाळायला घेतला.

"तीन पावसाळे झाले, बाबा. एक काडी कुणी आणून ठेवली नाही. ती रुसलीय माझ्यावर. मला तिची फार आठवण येते हो... फार."

बाबानं विचारलं,

"दिवसभर काय करतोस?"

"तिची खुर्ची ठेवलीय वईसमोर. तिच्यात बसून वाट बघतो. जरा फांदी हलली की उठून बघून येतो."

"हं..."

तेवढ्यात फाटकाच्या बाजूनं बुलबुल बोलला. मास्तर ताडकन उठले.

"फाटकाशी आहे! घरटं आहे का हो?"

"असेल."

"असेल म्हणजे? तुम्ही पाहिलं नाहीत?"

"नाही."

"मग कशावरून म्हणता?"

"चोचीत काडी घेऊन आत शिरताना दिसला. त्याच दिवशी फाटक बांधलं."

"आणि माणसांनी एवढा वळसा घालायचा?"

"तू घातलास की."

पण मास्तरांचं लक्ष बोलण्यात कुठे होतं! पाय आपोआप फाटकाकडे निघाले. एकदाच बघू, प्रमिलेसाठी बघू, तिला सांगता येईल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

बाबानं मनगट धरलं. म्हातारा हात, पण सुटेना.

मग त्यानं मास्तरांचं स्टूल उचललं आणि फिरवून ठेवलं, फाटकाकडे पाठ करून.

"बस."

मास्तर बसले. मागे पानं सळसळली. पुन्हा सळसळली. मान वळवायला जीव नुसता तळमळत होता. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले. डोळ्यांतलं पाणी पुसायलासुद्धा हात उचलला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं,

"घरची खुर्चीही फिरवू?"

"फिरव. कात्री माळ्यावर टाक."

"पण बाबा... पाठ करून बसलो, तर पाखरू आलेलं मला कळणार कसं?"

बाबानं चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"तिला कळेल."