नगरावर चालून आलेला उकिरडा

एक होता राजा, झगमगसेन. पांघरुणं घ्या आधी, मग ऐका. तर या राजाला जुन्याचा भारी कंटाळा. जोडा एकदा पायात घातला की फेकला. ताटात बत्तीस पदार्थ, दोन घास खाल्ले की उरलेले फेकले. राजा फेकतो म्हणून प्रधान फेकू लागला, प्रधान फेकतो म्हणून सावकार, आणि मग सगळं नगर. जो जास्त फेकील तो मोठा माणूस. असली ही अक्कल!

आणि हे सगळं जायचं कुठे? तटाबाहेर. तिथे उकिरडा झाला, उकिरड्याची टेकडी झाली, टेकडीचा डोंगर झाला. पायथ्याशी चाळीस झोपड्या. तिथल्या बाया हातात आकडा घेऊन रोज डोंगर उपसायच्या. काच वेगळी, लोखंड वेगळं, चिंध्या वेगळ्या. त्यांची म्होरकी धुरपदा. तिचं कसब असं, की वस्तू हातात घेतली की ती कोणाच्या घरची ते सांगायची. "ही सावकारीणबाईंची चोळी. गाठ सोडायचा कंटाळा, म्हणून बाई फाडून काढतात." अख्ख्या नगराची लाज तिला ठाऊक होती, बरं का. पण वेशीतून आत यायची तिला बंदी. हात घाण म्हणे! घाण करणाऱ्यांचे हात स्वच्छ आणि उचलणारीचे घाण. सांगा, चीड येते की नाही?

एकदा काय झालं, राजाला वास आला. "प्रधानजी, हा वास कसला?"

"महाराज, त्या झोपड्यांचा."

डोंगराचा नाही हं, झोपड्यांचा! राजाने हुकूम दिला, पाडा झोपड्या. शिपाई आले. धुरपदा म्हणाली, "दादांनो, आम्ही रोज निवडतो म्हणून हा डोंगर जागेवर बसलाय."

"चल गं म्हातारे! मोठी आली डोंगर बसवणारी!" शिपाई खिदळले. चाळीस चुली फोडल्या. बाया लेकरं काखोटीला मारून ओढ्यापलीकडे उघड्यावर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी डोंगर उठला. हो, उठला! अंग झाडलं आणि नगराकडे एक पाऊल टाकलं. धप्प!

राजाने त्याच्यावर शंभर घडे अत्तर ओतलं. डोंगर शिंकला. नगरावर आंब्याच्या कोयींचा पाऊस पडला. मग दुसरं पाऊल. धप्प!

मग राजाने डोंगरापुढे भला मोठा पडदा बांधला. त्यावर हिरवी झाडं आणि मोर रंगवले. लोक म्हणाले, "वा, गेला बुवा डोंगर!" डोंगराने पडद्याला नाक पुसलं. तिसरं पाऊल. धप्प!

मग राजा स्वतः झाडू घेऊन निघाला. नवा कोरा झाडू, मुठीला रेशीम. दोन काटक्या सरकवल्या, चिताऱ्याकडून आपलं चित्र काढून घेतलं आणि झाडू दिला फेकून. कुठे? त्याच डोंगरावर! तेव्हा मात्र डोंगर महालावर वाकला. सज्जा कडकड वाजू लागला.

मग राजा अनवाणी पळत ओढ्यापलीकडे गेला. "धुरपदाबाई, वाचवा!"

"आज बाई झाले होय? परवा तर तुमच्या शिपायांना म्हातारी होते."

"सोनं देतो!"

"तुमचं सोनं मला खरकट्यात सापडतं, महाराज. माझ्या चाळीस घरांना तटाच्या आत जागा द्या. आम्ही वेशीतून येणार, दिवसाढवळ्या. आणि ज्याचा कचरा त्याने आपल्या दारात निवडायचा. तुम्हीसुद्धा."

"मी? राजा?"

तिकडे सज्जा कोसळला. "कबूल, कबूल!" राजा ओरडला.

"इथे नाही. वेशीत उभं राहून म्हणा, सगळ्यांसमोर."

राजाने म्हटलं. काय करतो?

मग धुरपदा डोंगरापुढे उभी राहिली. आकड्याने एकेक वस्तू उचलू लागली. "हा जोडा महाराजांचा. जा रे घरी." जोडा टुपटुप महालाकडे निघाला. त्याच्यामागे सातशे जोडे. "ही खीर प्रधानजींची." खीर गेली आणि थेट त्यांच्या गादीवर पसरली. लोकांनी दारं लावली. वस्तू खिडकीतून शिरल्या. सावकारीणबाईंच्या तर चोळ्याच चोळ्या! दिवे लागायच्या आत डोंगर संपला, आणि ज्याचं त्याच्या उरावर जाऊन बसलं.

मग वर्षभर अख्खं नगर निवडत बसलं. राजाही बसला, नाकाला फडकं बांधून. धुरपदा फेरी मारायची. "महाराज, काच चिंध्यांत टाकलीत. परत काढा!" की राजा परत काढायचा.

तटाच्या आत चाळीस चुली पेटल्या. बाया, त्यांची लेकरं, धुरपदा, सगळी सुखाने राहिली. राजा सुखी झाला का? मला नाही ठाऊक, आणि मी विचारायलाही गेले नाही.

मिटा डोळे आता. माझा राग उतरला की मीही झोपेन.