मुठीतले तांदूळ

एका राज्यात मंदाकिनी नावाची राणी होती. माहेरी असताना जेवणाचं ताट निवून जाई, पण तिच्या हातची पोथी सुटत नसे. पुढे तिला वेणू नावाची लेक झाली आणि वाचन सुटलं. नेमकं कधी सुटलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

त्या राज्याची रीत अशी, की कहाणी ऐकणाऱ्यानं मुठीत तांदूळ धरावे आणि कहाणी संपल्यावरच मूठ उघडावी. एके दिवशी वेणूनं मूठ आवळली आणि राणी वाचू लागली. कहाणीतली मुलगी पाण्यासाठी बारवेत उतरली, अगदी तळाच्या पायरीवर पोचली, तोच राणीला जांभई आली.

"उरलेली उद्या," राणी म्हणाली.

तो उद्या आलाच नाही. वेणूची मूठही उघडली नाही. महिन्यात तिची बोटं दगडाची झाली, वर्षात मनगट झालं. वैद्य हात जोडून परत गेले. मग टळटळीत दुपारी महालात ओली पावलं उमटू लागली. लहान, अनवाणी. पोथ्यांच्या दालनातून ती येत, राणीच्या मंचकापाशी थांबत आणि परत फिरत.

"आई," वेणू म्हणे, "ती विचारतेय, मी वर कधी येऊ?"

दगड कोपराजवळ पोचला, तेव्हा खिडकीत एक साळुंकी येऊन बसली.

"राणी, तू टाकलेली कहाणी अर्धभक्ष मांत्रिकानं उचलली. अर्धवट कहाण्यांवरच जगतो तो. बारवेवर झाकण घालून तो बसलाय. तीन दुपारी वाच. आज एक ओळ, उद्या एक पान, परवा शेवटापर्यंत. दगड कोपराच्या वर चढला, तर लेक तुझी नाही."

"एकच ओळ? एवढंच ना?"

"बघ तर खरं."

राणीनं दालन झाडलं. तक्क्याचा अभ्रा बदलला. समई घासली. रोज शंभर पानं वाचीन, असा संकल्पही सोडला.

"वाचणार आहेस, की तयारीच करणार आहेस?" साळुंकीनं विचारलं.

राणी ओशाळली. तिनं पोथी उघडली, तशी अक्षरं मुंग्यांसारखी काठाकडे पळाली. भिंतीशी मांत्रिक उभा होता. त्याला तोंड नव्हतं. आवाज पोटातून येई.

"दमली असशील. मी वाचतो, तू नुसती ऐक."

राणीनं एकेका अक्षरावर बोट दाबून धरलं आणि पोरासारखी जुळवत एक ओळ वाचली. खोल कुठेतरी एक पायरी वाजली.

दुसऱ्या दुपारी मांत्रिक जवळ सरकला. "सारांश सांगतो, दोन वाक्यांत."

राणीनं पान वाचलं. तळाशी पोचली, तेव्हा वरचं काही आठवेना. पूर्वी वाचायची ती मीच, की दुसरीच कुणी? पुन्हा वाचलं. आणखी एकदा वाचलं. पोथीखाली पाण्याचं थारोळं साचलं.

तिसऱ्या दुपारी दगड कोपराला टेकला. मांत्रिक कानाशी आला. "शेवटचं पान तेवढं वाच. तुला मूठ उघडल्याशी काम!"

राणीचा हात शेवटच्या पानाकडे गेलाही. तेवढ्यात तिची नजर एका ओळीवर पडली. चढता चढता मुलगी थबकली होती. तिनं ओच्यात काहीतरी लपवलं होतं, आणि ते हलत होतं.

काय असेल?

राणी वाचू लागली. अक्षरं पळाली नाहीत. मांत्रिकानं तिला हाक मारली.

"हं," राणी म्हणाली. मान काही वर केली नाही.

त्यानं पुन्हा हाक मारली. ती पुन्हा "हं" म्हणाली. मांत्रिक धुरासारखा विरळ झाला आणि तिसऱ्या "हं"ला तिथे नव्हताच. झाकण गडगडलं. मुलगी वर आली. तिच्या ओच्यातून कासवाचं पिल्लू निघालं. कहाणी संपली. ओली पावलं उंबरा ओलांडून गेली आणि उन्हात वाळली.

"आई."

राणीनं पान उलटलं.

"आई गं!"

राणी पुढच्या कहाणीत शिरली होती. "थांब गं वेणू, एवढं पान होऊ दे," ती म्हणाली.

तेव्हा तिच्या गालावर एक तळहात पडला. कोवळा, कोमट, तांदळाचे दाणे चिकटलेला.

जशी वेणूची मूठ उघडली, तशी ऐकणाऱ्यांचीही उघडो. आपापले तांदूळ आता चिमण्यांना घाला.