ऊददाणीचं झाकण

“...मग लोक माझी पत्रं उघडत का नाहीत, बाबा?”

दस्तगीरबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून निखाऱ्यांवर फुंकर घालत होते. शुक्रवार होता. थोड्या वेळानं ऊददाणी घेऊन दुकानादुकानापुढं उदाचा धूर द्यायला ते पेठेत निघणार होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कसली पत्रं?”

“ईमेल. चटणीची,” श्रेणिक म्हणाला.

श्रेणिक मगदूमच्या घरची चटणी सगळ्या पेठेला ठाऊक होती. त्याच्या आईच्या हातची, बिनलसणाची, कारळ्याची. गाव सोडून पुण्या-बंगळूरला गेलेली माणसं ती आठवणीनं मागवत. नवे कारळे आले की श्रेणिक त्यांना ईमेलनं पत्र लिही. आज आईनं उखळ धुतलं, काल कारळे भाजले, अमुक तारखेला डबे निघतील. असं पत्र आम्हाला पाठवत जा, म्हणून नऊशे माणसांनी आपणहून कळवलं होतं.

यंदा श्रेणिकला नऊशे कमी वाटले. त्यानं कुणाकडून तरी सत्तर हजार पत्ते मिळवले आणि सरसकट सगळ्यांना पत्रं धाडली. आठवड्यातून तीनदा.

“सत्तर हजार, बाबा,” तो म्हणाला. एवढं होऊनही आकडा सांगताना त्याची छाती जराशी फुगलीच.

“कोण हायत ती?”

“लोक.”

“तुला वळखत्यात?”

“ओळख व्हावी म्हणूनच तर पाठवायचं असतं.”

“आन् ज्याला नको असंल, त्यानं काय करायचं?”

“खाली लिहिलेलं असतं की. नको असेल तर इथे दाबा.”

“वाचाय येतं?”

“अक्षर थोडं बारीक आहे...”

बाबांनी पुन्हा फुंकर घातली.

हजारो लोकांनी त्या पत्रांवर ‘स्पॅम’ म्हणून शिक्का मारला होता. आता मगदूमांकडून काहीही निघालं की ते परस्पर कचऱ्यात जाई. त्या नऊशे जणांना लिहिलेलंसुद्धा. घरात दोनशे किलो चटणी डब्यांत भरून तयार होती आणि जे तिची वाट बघत होते त्यांना पत्ताच नव्हता.

श्रेणिकला खुपत होतं ते वेगळंच. आई रोज विचारायची, “औंदा कुणीच कसं मागवंना रे? माझ्या हाताची चव गेली का?” आणि तो काहीतरी पुटपुटून बाहेर सटकायचा.

“काहीतरी उपाय सांगा, बाबा.”

बाबांनी ऊददाणी त्याच्यापुढे धरली. पितळेची, लांब दांड्याची. कडेला साखळीनं एक झाकण लोंबत होतं.

“गुडघा धरलाय माझा. आजची फेरी तू घाल.”

“मी?”

“तारदाळकरांच्या दुकानाम्होरनं जाताना झाकण लाव.”

“का?”

बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

बाबांची फेरी श्रेणिकनं लहानपणापासून पाहिली होती. एक्केचाळीस दुकानं, आणि तेवढ्याला अख्खी दुपार. पायरीखाली उभं राहायचं, मालकाची नजर वर होईपर्यंत थांबायचं, मग चिमूटभर ऊद टाकायचा. त्याला वाटलं, पेठेत दुकानं दोनशे. म्हातारा उगाच वेळ घालवतो.

त्यानं मूठभर ऊद ओतला आणि निघाला.

तासाभरात परत आला. डोळे लाल, कपाळावर घाम, चेहऱ्यावर समाधान.

“दोनशे दुकानं, बाबा. एकही सोडलं नाही. आत शिरून, पार गल्ल्यापर्यंत.”

“झाकण?”

श्रेणिकनं खाली पाहिलं. झाकण साखळीला तसंच लोंबत होतं.

“घाईत राहिलं...”

बाबांनी ऊददाणी त्याच्या हातून घेतली.

पुढच्या शुक्रवारी बाबा स्वतः निघाले. श्रेणिक मागून.

कापडवाले सोलापुरे अण्णा तीस वर्षं बाबांना पाहून गादीवरून उठत आले होते. दोन्ही हातांनी धूर तोंडावरून फिरवून घेत. आज ते कापडाची घडी घालत राहिले.

“आज नको, बाबा.”

फुलवाल्या कासाबाईनं टोपली आत ओढली. “मागल्या शुक्रवारी समदा मोगरा काळवंडला माझा. गिऱ्हाईक तोंडाला पदर लावून गेलं.”

तारदाळकर घड्याळवाल्यांचं दार अर्धं लोटलेलं होतं. शेजारच्या भांडीवाल्यानं हळूच सांगितलं, की तारदाळकरांना दमा आहे. गेल्या शुक्रवारी धूर थेट आत आला आणि ते तीन दिवस अंथरुणावर होते. बारा वर्षांपूर्वी त्यांनी हात जोडून बाबांना सांगितलं होतं, मला सोसत नाही. तेव्हापासून बाबा त्या दुकानावरून झाकण लावूनच जात.

श्रेणिकनं बाबांची वाट अडवली.

“मी सगळ्यांना सांगतो, बाबा. तो मी होतो, तुम्ही नव्हता.”

“कुणाकुणाला सांगशील? माणसाकडं कोण बघतंय... समदी ऊददाणी वळखत्यात.”

श्रेणिकला सत्तर हजार पत्रं आठवली. प्रत्येकावर ठळक अक्षरांत नाव होतं, मगदूम. त्याच्या वडिलांचं, आजोबांचं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा सार्वजनिक नळापाशी गेले. निखारे पाण्याखाली धरले. चर्र आवाज झाला आणि सगळं थंड पडलं.

ती गार ऊददाणी घेऊन ते पुन्हा पहिल्या दुकानापासून निघाले. पायरीखाली उभे राहिले.

“पुढल्या शुक्रवारी यिऊ का?”

एवढंच. उत्तर येईपर्यंत थांबायचं. ‘या’ म्हणणाऱ्याला मान हलवायची. ‘नको’ म्हणणाऱ्यापुढे छातीवर हात ठेवून जरा जास्त वाकायचं.

एक्केचाळिसांतले तेवीस जण ‘या’ म्हणाले.

तारदाळकरांच्या दारात मात्र बाबा थांबले आणि श्रेणिक पुढे झाला.

“काका, चूक माझी होती. बाबांनी झाकण लावायला सांगितलं होतं.”

तारदाळकरांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. त्यांचा आवाज अजून बसलेलाच होता.

“बाबांचा हात असा नव्हे, एवढं मला कळत होतं. पण श्वासाला ते कुठं कळतं?”

त्या दिवशी श्रेणिक घरी गेला आणि आईसमोर बसला.

“तुझी चव गेली नाही, आई. मी घाण केली.” आणि त्यानं सगळं सांगितलं.

आईनं हातातला डबा खाली ठेवला.

“मग हे सांगायला इतके दिस लावलेस व्हय?” ती म्हणाली. “मी रोज मीठ चाखून बघत बसले.”

श्रेणिकला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही.

सत्तर हजार पत्ते त्यानं त्याच संध्याकाळी पुसून टाकले. मग आपल्या खासगी ईमेलवरून त्या नऊशे जणांना स्वतः एकेकाला नावानं लिहायला घेतलं, दिवसाला चाळीसच. माझ्याकडून चूक झाली. पुढे पत्र पाठवत राहू का? नको असेल तर तेही एका शब्दात कळवा. शेवटची ओळ त्यानं सगळ्यांत मोठ्या अक्षरात लिहिली.

महिना गेला. पुन्हा शुक्रवार. श्रेणिक पायरीशी आला तेव्हा बाबांचे निखारे फुलले होते.

“तीनशे अकरा जणांनी ‘हो’ कळवलं, बाबा. आईनं त्यांचे डबे पाठवायला काढलेत. एका बाईंनी लिहिलंय, आता नको, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, पण विचारलंत ते बरं वाटलं.”

“मग?”

“त्यांच्यासारखे ‘नको’ म्हणणारे चाळीसेक. पण बाकीचे साडेपाचशे काहीच बोलले नाहीत. घरात निम्मी चटणी पडून आहे. त्यांना परत एकदा विचारू?”

बाबांनी पेटती ऊददाणी त्याच्या हातात दिली आणि चालू लागले.

सोलापुरे अण्णांच्या पायरीखाली श्रेणिक उभा राहिला. अण्णा हिशेबात गढले होते. तो थांबला. बऱ्याच वेळानं त्यांनी वर पाहिलं, मग उठले आणि ओंजळ पुढे केली. त्यानं चिमूटभर ऊद टाकला.

कासाबाईनं हातानंच नको म्हटलं. त्यानं छातीवर हात ठेवला.

तारदाळकरांचं दुकान जवळ येऊ लागलं. चार दुकानं आधीच त्यानं झाकण बसवलं, वरून तळहात दाबला. पितळ तापलेलं होतं. त्यानं हात काढला नाही.

आत तारदाळकरांनी मान वर केली. डोळ्यावरचं भिंग काढलं आणि श्रेणिककडे बघत हात कपाळाला लावला.

श्रेणिकचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्याला सलामाला सलाम करता येईना. डोळे तेवढे भरून आले.

“बाबा,” तो हळूच म्हणाला, “हे तर तुमचा ऊद कधीच घेत नाहीत...”

बाबा चालत राहिले.

“आणि ते साडेपाचशे, बाबा? त्यांचं काय करू?”

बाबा थांबले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ऊददाणीच्या कडेनं धुराचा एक बारीक धागा बाहेर येत होता, तिकडे पाहिलं.

“झाकण नीट बसलंय का बघ.”